आधी मामांच्या कानात

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या बाजारांत मिळून जनावरांसाठी जे जे म्हणून विकायला येतं, ते सगळं माझ्या बायकोच्या मामांनी स्वतः चाखून, अंगाला चोळून, नाहीतर गळ्यात घालून पाहिलेलं आहे. मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर वडगाव रासाईला जाऊन कुणालाही विचारा. सरकी पेंडीचं नवं पोतं घरात आलं की गाय दावणीला हंबरत उभी असते आणि मामा पोत्याच्या तोंडाशी उकिडवे बसून, डोळे मिटून, मूठभर पेंड चावत असतात. "खवट हाय," असं म्हणाले की पोतं परत दुकानात. "मीठ कमी हाय, पन चालंल," असं म्हणाले की मग गाईची पाळी. शेळ्यांनी चाटायची क्षारांची वीट एकदा मामांच्या सदऱ्याच्या खिशात सापडली होती. मामी म्हणाल्या, "च्याबरूबर काय चाटत बसल्यात म्हनून बघाय गेले, तर ही." जंताचं औषध त्यांनी बोटावर घेऊन चाखलं त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोलत नाही. तो दिवस त्यांनी बांधाकडंच काढला, एवढंच मला माहीत आहे.

लोक याला येडेपणा म्हणतात. मामांच्या लेखी ते कर्तव्य आहे. त्यांच्या आजोबांपर्यंत हे घर मेंढरांमागं फिरणारं. आता मेंढरं गेली, ऊस आणि कांदा आला, आणि चार शेळ्या, एक गाय, एक कुत्री एवढाच पसारा उरला. पण मेंढरं राखणाऱ्याचा कायदा मामांनी सोडलेला नाही. "मुक्या जिवाला बोलता येत न्हाई, जावईबापू," ते मला सांगतात. "गार लागलं, कडू लागलं, टोचलं, कोन सांगनार? त्येच्या वाटचं आपून बोलायचं. आन् बोलायचं तर आदी आपल्याला कळाय पायजे." आमच्याकडच्या उसात बिबट्या आता बिऱ्हाड करून राहिल्यासारखा राहतो, आणि तो कुत्र्याची मान धरतो, म्हणून कुत्र्यांच्या गळ्यात बाहेरच्या बाजूला टोकदार खिळे असलेला पट्टा घालतात. मामांनी तसा पट्टा आणला आणि कुत्रीच्या गळ्यात घालण्याआधी दिवसभर स्वतःच्या गळ्यात घातला. नेमका त्याच दिवशी वरवंडला नात्यातला साखरपुडा होता. मामा पट्ट्यासकट आले. जेवताना शेजारच्या पाहुण्यांनी आदबीनं विचारलं, "मानंचं आपरेशन झालं का मामा?" मामा म्हणाले, "न्हाई, बिबट्यासाठी हाय." पाहुण्यांनी खुर्ची थोडी सरकवून घेतली. घरी परतताना मामांनी निकाल दिला की पट्टा चांगला आहे, पण पाणी प्यायला वाकलं की खालचा काठ काचतो. मग त्यांनी आतून जुन्या घोंगडीची पट्टी शिवून घेतली. गावातल्या बाकी कुत्र्यांच्या माना काचलेल्या असतात. मामांच्या कुत्रीची नाही.

माझं दौंडला चष्म्याचं दुकान आहे. मामा आले की डोळे तपासायच्या खुर्चीत बसतात आणि गिऱ्हाईक येईपर्यंत प्रश्न विचारतात. चहाच्या वाफेनं चष्म्याची काच आधी कुठल्या बाजूनं धुरकटते, आतून की बाहेरून. बुबुळाच्या काळ्या टिपक्यात माणूस उलटा दिसतो की सुलटा. एकदा म्हणाले, "गाईला चष्मा लागत नसंल का?" मी सहज म्हटलं, मामा, तिला अक्षरं वाचता यायला नकोत का, तपासणार कसं? मामा टोपी घालून निघाले. मला वाटलं विषय संपला. पुढच्या खेपेला ते आल्या आल्या, पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "पेंडीची बादली दावायची. एक मोकळी, एक भरल्याली. लांबून. वारं आपल्या अंगावर पायजे, म्हंजी वास जायचा न्हाई." इतके दिवस ते त्याच विचारात होते. मला हसू आलं खरं, पण त्यात चूक काढता येईना.

एका बाबतीत मात्र मामांची चौकशी थांबते, ती म्हणजे त्यांचा स्वतःचा कान. तरुणपणी नदीवरच्या डिझेल इंजिनाशेजारी बसून त्यांनी उसाला पाणी दिलं, त्यात डावा कान पार गेला आणि उजवाही हळूहळू त्याच वाटेला लागला. हे सगळ्यांना माहीत आहे, मामा सोडून. "मला समदं ऐकू येतं," ते म्हणतात, "लोकच हळू बोलाय लागल्यात." कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की त्यांना लगेच शेतावर काहीतरी काम आठवतं. पण शेतावर एकटं राहायचं, बाजूला ऊस, उसात बिबट्या, आणि माणसाला पाचोळ्याचा आवाज ऐकू येत नाही, हे कसं निभावायचं? निभावत होती ती हरणी.

हरणी म्हणजे कुत्री. हे नाव आधी एका गाईचं होतं. ती गाय गेली, तेव्हा नाव चांगलं आहे, वाया कशाला घालवायचं, म्हणून मामांनी ते पिल्लाला दिलं. लहानपणापासून गाईच्या नावानं हाका मारल्यामुळं असेल, तिच्या वागण्यात गाईचा शांतपणा आहे. उगाच भुंकणार नाही. आधी कान वळतो, मग मान, मग ती उठते. माझी मोटारसायकल कालव्याच्या पुलावर आली की हरणी उठून उभी राहते, हे मामींनी मला कितीदा सांगितलंय. तिला उठलेलं बघून मामी चहाचं आधण ठेवतात. मामांच्या घरचं येणंजाणं, शेळ्यांची राखण आणि एका अर्थानं मामांचा जीव, हे सगळं त्या दोन कानांवर चाललं होतं.

दिवाळीनंतर गवत वाळलं, तेव्हा तिचा उजवा कान बिघडला. ती डोकं झटकायची, पायानं कान खाजवायची, कान आतून लालभडक झाला आणि त्याला वास यायला लागला. आता आमच्याकडं औषध हे विरजणासारखं फिरतं. एका घरात उरलं की दुसऱ्या घरात जातं, आणि मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. मामींच्या बहिणीचा मुलगा कोरेगाव भीमाला कारखान्यात आहे. त्याच्या फ्लॅटमध्ये एक गुबगुबीत लॅब्रेडोर आहे, त्याचा कान मागं असाच सुजला होता आणि ड्रॉपनं बरा झाला होता. उरलेली बाटली त्यानं आनंदानं पाठवून दिली. कान तोच, कुत्राच, औषध डॉक्टरनंच लिहून दिलेलं. यात चुकण्यासारखं कुणालाच काही दिसलं नाही.

तरी मामांनी आपला नियम मोडला नाही. त्यांनी अंगणात बसून, मान कलती करून, आधी स्वतःच्या कानात थेंब टाकले. तेसुद्धा डाव्या. का, असं नंतर मी विचारलं तर म्हणाले, "काय इपरीत झालंच, तर निकामी कान जाऊ द्या." म्हणजे डावा कान निकामी आहे हे त्यांना पुरतं माहीत होतं. थोडा वेळ थांबून त्यांनी निकाल दिला, "गार लागतंय. आग न्हाई. घाला." मग हरणीची पाळी. दोन-तीन दिवसांत लाली उतरली, खाजवणं थांबलं. मामांनी फोन करून ही बातमी मला एवढ्या मोठ्यानं सांगितली की दुकानातल्या गिऱ्हाइकालाही कळली.

त्यानंतर आठवड्याभरानं मी कांदे आणायला वडगावला गेलो. पूल ओलांडला, बांधावरून आत आलो, गाडी अंगणात लावली. हरणी लिंबाखाली पडली होती. उठली नाही. मी गाडीवरून उतरलो तरी तिची पाठ माझ्याकडंच. चुलीवर आधण नव्हतं. मामी बाहेर आल्या आणि मला बघून दचकल्या. मी हाक मारली तेव्हा हरणी उठली, पण मान एका बाजूला कललेली, आणि चालताना तोल उजवीकडं जात होता. ज्या बाजूनं हाक आली ती सोडून भलत्याच बाजूला बघत राहिली. मामा गोठ्यातून आले. त्यांनी तिला तसं चालताना बघितलं आणि काहीच विचारलं नाही. मामांनी काहीच विचारलं नाही हे बघून मला खरी भीती वाटली.

शेजाऱ्याचा टेम्पो घेऊन आम्ही शिरूर गाठलं. तिथं एक डॉक्टरीणबाई आहेत, वयानं तरुण, बोलायला सरळ. त्यांनी विचारलं, आधी काय घातलं होतं? मामांनी बाटली पुढं केली आणि इमानदारीनं म्हणाले, "आदी माझ्या कानात घालून बघितलं, म्याडम. मला काय झालं न्हाई." बाईंनी हातातलं काम थांबवलं. "कुठल्या कानात?" "डाव्या." "त्यातून ऐकू येतं?" मामा माझ्याकडं बघत राहिले. मीच नाही म्हणून मान हलवली. बाई हसल्या नाहीत, हे मला त्यांचं फार आवडलं. त्यांनी आधी मामांचा कान दुखत नाही ना एवढं विचारून घेतलं आणि मग हरणीला गुंगीचं इंजेक्शन दिलं.

कानात बघायचं त्यांचं यंत्र म्हणजे पुढं निमुळतं नळकांडं, मागं भिंग आणि दिवा. भिंग दिसल्यावर मामांनी मला पुढं ढकललं, जणू सगळी भिंगं माझ्या अखत्यारीत येतात. बाईंनी बराच वेळ आत बघितलं, मग लांब चिमट्यानं हळूच काहीतरी बाहेर काढलं आणि कापसावर ठेवलं. गवताचं कुसळ. चांगलं नखाएवढं, टोकदार, पुवानं माखलेलं. "हे आत होतं," त्या म्हणाल्या. "या ड्रॉपमध्ये जंतूंवर औषध आहे, आणि सूज उतरवणारं स्टिरॉइड आहे. स्टिरॉइडनं सूज उतरली, खाज थांबली, तिला बरं वाटलं, तुम्हालाही वाटलं. कुसळ मात्र आतच. ते पुढं पुढं सरकलं आणि कानाच्या पडद्याला भोक पडलं. फाटक्या पडद्यातून असलं औषध आत गेलं तर तोल जातो. ऐकूसुद्धा जाऊ शकतं."

"म्हंजी औषध वाईट?"

"औषध चांगलं आहे मामा. मी रोज देते. पण आधी आत बघून, पडदा धड आहे का ते पाहून, मग. त्या लॅब्रेडोरचा पडदा धड होता. तुमचाही असणार."

मामा खाली बघत होते. मग त्यांच्यातला जुना माणूस जागा झाला. "मला बघू द्याल का आत?"

बाईंनी यंत्र धरून ठेवलं, मामा वाकले. ते इतका वेळ बघत होते की मीच एका पायावरून दुसऱ्या पायावर झालो. बाई सांगत होत्या, कड बघा, तिथं ते भोक. शेवटी मामा सरळ झाले. "कांद्याच्या आतल्या पापुद्र्यावानी हाय," ते म्हणाले. "एवढ्याशावर ही बिबट्या ऐकती?" आणि लगेच पुढचं, "आता माझा बघा की." बाई म्हणाल्या, मी जनावरांची डॉक्टर आहे, मला माणसाचं बघता येत नाही. "जनावराचं कळतं, मग मानसाचं काय अवघड हाय?" पण बाई बधल्या नाहीत. त्यांनी माणसांच्या कानाच्या डॉक्टरकडं जायला सांगितलं, तेव्हा मामांना नेहमीप्रमाणं शेतावरचं काम आठवलं. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी मोबाइलची बॅटरी लावून भर रस्त्यात माझ्या कानात बघितलं. नुसता मळ दिसला म्हणाले.

औषध बाईंनी नीट समजावून दिलं. कान धुऊन दिला होता, पडदा भरून येईपर्यंत आत एक थेंबही घालायचा नाही, तेलसुद्धा नाही, कापसाच्या काडीनं कोरायचं नाही. जंतूंसाठी गोळ्या, आणि सूज उतरायला थोडे दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या. त्या सांगितल्याप्रमाणं हळूहळू कमी करत न्यायच्या, बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायच्या नाहीत आणि मनानं वाढवायच्याही नाहीत. पाणी खूप पिईल, भूक वाढेल, लघवीला सारखी जाईल, त्याला घाबरू नका. उलटी झाली, काळी शी झाली, मलूल पडली तर लगेच फोन करा. घरातली दुखण्यावरची दुसरी कुठलीही गोळी सोबत देऊ नका. मामा एकेक गोष्टीला मान हलवत होते आणि त्यांच्या चिमटीत एक गोळी आधीच आलेली मला दिसली. बाईंनाही दिसली.

"मामा, शुगर आहे का तुम्हाला?"

"आहे थोडी," मी मधेच म्हणालो. मामांची शुगर थोडी नाही.

"मग ही गोळी तुमच्या तोंडात जाणार नाही. कबूल?"

"आन् मग हिला कशी लागती ती मला कसं कळायचं?" मामांनी विचारलं. हे ते थट्टेनं विचारत नव्हते. चेहरा अगदी रडवेला झाला होता.

"बघत बसा तिच्याकडं," बाई म्हणाल्या.

परतताना मामा टेम्पोत मागं, गुंगीतल्या हरणीचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मीही मागंच बसलो. बराच वेळ ते तिच्या कपाळावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "जल्मभर मुक्याच्या वाटचं बोललो, जावईबापू. हिच्या वाटचं बोललो ते खोटं बोललो." मी म्हणालो, मामा, बरी होईल. मी त्यांच्या डावीकडं बसलो होतो, त्यांना ते ऐकू गेलं नसावं.

आणि मामा खरोखर बघत बसले. पुढचे काही आठवडे मला जे फोन आले ते एखाद्या बातमीदाराचे असावेत असे. हरणीनं आज बादली रिकामी केली. हरणीनं मामींच्या हातातली भाकरी ओढली, हे तिच्या स्वभावात बसत नाही, म्हणजे गोळीची भूक असणार. आज सरळ चालली, पण वळताना जरा गेली. शेपूट जेवताना डावीकडं जास्त हलते, हे पहिल्यापासून होतं का, तुम्हाला काही आठवतंय का? मला कसं आठवणार? पण पुढच्या वेळी गेलो तेव्हा मीही बघितलं, खरंच डावीकडं जास्त हलते. मामी म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं माझ्याकडं कवा एवढं बघितलं न्हाई." बोलल्या हसत, पण हरणीसाठी घोंगडी त्यांनीच उन्हात सरकवली होती.

बाईंनी पुन्हा बघितलं, पडदा भरून आला होता. मग राहिलेल्या सुजेसाठी त्यांनी नवे ड्रॉप दिले. त्यातही स्टिरॉइड होतं, पण ते या कानासाठी, या पडद्याला बघून दिलेलं. बाटली मुठीत धरून कोमट करायची, तोटी कानाला टेकवायची नाही, थेंब घालून कानाचं मूळ हलक्या हातानं चोळायचं. "आतून पचपच आवाज ऐकू आला की समजायचं औषध पोचलं," बाई म्हणाल्या. मामा घरी आले आणि पहिल्याच दिवशी अडले. चोळत होते, चोळत होते, आवाज काही येईना. शेवटी मामींनी कान लावला आणि म्हणाल्या, "आवो, मगाधरनं वाजतंय." ठरलेले दिवस संपले तेव्हा बाटलीत चार थेंब उरले होते. शेजारून मागणी आली. मामांनी ती बाटली कुणाला दिली नाही आणि स्वतःच्याही कानात घातली नाही. आमच्या सगळ्या नातेवाइकांत ही गोष्ट अजून सांगितली जाते.

कान बरा दिसत होता. पण ऐकू येतं का? बाई म्हणाल्या होत्या, ते हळूहळू कळेल. मामांना हळूहळू नको होतं. त्यांनी मला सुट्टीच्या दिवशी बोलावून घेतलं आणि बेत सांगितला. तो ऐकताना मला गाईच्या चष्म्याची आठवण झाली. हरणीला आणण्याआधीच मी कांदे साठवायच्या चाळीमागं जाऊन उभं राहायचं, म्हणजे पावलांची चाहूल लागणार नाही. वारं तिच्याकडून माझ्याकडं, म्हणजे वास जाणार नाही. मामा तिला घेऊन बसणार, तिच्या बऱ्या कानावर तळवा ठेवणार, आजारी कान माझ्याकडं. मग मी हाक मारायची, मोठ्यानं नाही, घरात बोलतो तशी. कधी मारायची ते मी ठरवायचं, त्यांना सांगायचं नाही.

मी चाळीच्या फटीतून बघत होतो. मामा तिच्यापुढं मांडी घालून बसले होते, एक हात तिच्या डाव्या कानावर, नजर उजव्या कानावर. इतकी बारीक नजर मी माझ्या दुकानात चाळीशी लावायला आलेल्या माणसांचीही बघितलेली नाही. शेळ्या रवंथ करत होत्या. मामी दारात पीठ भरल्या हातानं उभ्या होत्या. मी थोडा वेळ जाऊ दिला. मग हळूच म्हणालो, "हरणे."

तिचा कान हलला. आधी थोडा, मग पुरता वळला, चाळीकडं, मी होतो तिथंच. मग मान वळली.

मामांनी वर बघितलं. "तुम्ही आत्ता हाक मारली."

मी चाळीमागून बाहेर आलो. "मारली, मामा."

"मला न्हाई आली," ते म्हणाले. एवढी वर्षं जे त्यांनी कुणापुढं सरळ कबूल केलं नव्हतं, ते असं सहज बोलून गेले, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. हरणीच्या बऱ्या कानावरचा हात काढून त्यांनी तिच्या दोन्ही कानांच्या मधोमध कपाळ टेकवलं. "हिनं सांगितलं मला," ते म्हणाले. मामींनी पदरानं डोळे पुसले तर पीठ लागलं, आणि मी कांदे निवडतोय असं दाखवत तिथंच रेंगाळलो.

आता मी वडगावला जातो तेव्हा चहाचं आधण पुन्हा माझ्याआधी चुलीवर असतं. कानाच्या डॉक्टरकडं मामा अजून गेलेले नाहीत, माझा आग्रह चालू आहे आणि शेतावरची कामंही चालू आहेत. उसात काही खसपसलं, बांधावरून कुणी आलं, की ते हरणीच्या कानाकडं बघतात आणि तो वळेल तिकडं वळतात. दोघांची ती सवय आता इतकी जुळली आहे की लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोघांनाही एकदमच ऐकू आलं. पण हरणीचं तोंड वयानं पांढरं व्हायला लागलंय, आणि हल्ली कान वळायच्या आधी ती क्षणभर थांबते. मामा दिवसभर तिच्याकडंच बघत असतात, म्हणजे त्यांच्या नजरेतून ते सुटलेलं नसणार. जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल मला चार प्रश्न विचारणारे मामा त्याबद्दल मात्र मला अजून एकही प्रश्न विचारत नाहीत.